माळ्यावरच्या कंदिलाचं वय



आपल्या भागात जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरून पितळी डबे, पाळणा आणि कंदील हमखास खाली येतात. डब्यांची वाटणी होते. पाळणा कुणीतरी मागून नेतं. कंदील मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो, नाहीतर त्याला सोनेरी रंग फासून हॉलच्या कोपऱ्यात टांगतात. दोन्ही वेळेला घरातलं कुणीतरी म्हणतंच, "शंभर वर्षांचा आहे हो!"

खरंच शंभर वर्षांचा आहे का, हे बऱ्याचदा आपलं आपल्याला घरबसल्या कळू शकतं. त्यासाठी दिवसाउजेड, एक भिंग, कोरडं फडकं आणि थोडी चिकाटी पुरते. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे पुराव्याशिवाय नोंद करायची नाही ही सवय हाडात आहे. वहीत जशी प्रत्येक नोंदीला पावती लागते, तशी कंदिलाच्या प्रत्येक भागाला त्याची त्याची पावती शोधायची.

आधी आपल्याकडे काय आहे ते ठरवू. उघड्या वातीची छोटी पत्र्याची किंवा काचेची असते ती चिमणी. दोन्ही बाजूंना नळ्या, मध्ये फुगीर काच आणि वर धरायला कडी असते तो कंदील. पंपानं हवा भरायची, जाळीदार मेंटल पेटवायचा आणि फुस्स आवाज करत पांढरा उजेड देते ती गॅसबत्ती, म्हणजे आपल्या बोलण्यातली पेट्रोमॅक्स. परदेशात यातल्या बऱ्याच दिव्यांना आता सहलीचे, तंबूतल्या मुक्कामाचे कंदील म्हणून संग्राहक जमवतात. आपल्याकडेही ते मुक्कामाचेच सोबती होते. गुऱ्हाळावर रात्रभर रस आटायचा तेव्हा चुलाणाजवळ कंदील असे, बैलगाडीच्या आसाखाली तो झुलत असे आणि लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या डोक्यावरून चालत.

आपल्या घरांत सूर्यास्ताआधी जेवणं उरकून चूल विझायची, त्यामुळे कंदील स्वयंपाकघरात फारसा लागत नसे. तो लागायचा शास्त्रवाचनाला, गोठ्यात, बाळंतिणीच्या खोलीत आणि मुलांच्या अभ्यासाला. उघड्या चिमणीवर पतंग आणि चिलटं झेप घेत. कंदिलाची ज्योत काचेआड असल्यानं तेवढी हिंसा टळते, म्हणून जुन्या बायका चिमणीपेक्षा कंदील पसंत करत.

आता कंदील हातात घ्या आणि बाजूच्या नळ्या बघा. या नळ्या नुसत्या आधाराला नसतात, त्यांतून हवा खाली ज्योतीकडे जाते. अमेरिकेत जॉन अर्विन यानं १८६० आणि १८७० च्या दशकांत ही रचना बसवली. पहिल्या प्रकारात काचेतून वर गेलेली गरम हवाच थोडी नळ्यांतून परत खाली येते. या कंदिलाच्या नळ्या वर कमानीसारख्या वळून काचेच्या माथ्यावर एकत्र येतात आणि उजेड जरा तांबूस, मंद असतो. दुसऱ्या प्रकारात धूर मधल्या धुराड्यातून बाहेर जातो आणि नळ्यांना बाहेरची ताजी हवा मिळते. त्यात काचेच्या वर डब्यासारखी हवेची खोली असते, तिच्यातून धुराडं डोकं वर काढतं आणि उजेड जास्त पांढरा पडतो. दुसरा प्रकार नंतरचा असला तरी दोन्ही पुढे कितीतरी वर्षं शेजारी शेजारी बनत राहिले. म्हणून नुसत्या आकारावरून वय सांगू नये. आकार फक्त घराणं सांगतो.

वय सांगायला लागतं ते अक्षरांवरून. टाकी, वरची टोपी, वात वरखाली करायची चावी, बर्नर आणि काच या पाच जागा भिंगानं तपासा. डीट्झ हे नाव दिसलं तर तो न्यूयॉर्कच्या जुन्या कंपनीचा कंदील. त्यावर पेटंटची तारीख असेल तर ती बनवल्याची तारीख समजू नका. तिचा अर्थ एवढाच की कंदील त्या तारखेच्या आधीचा नाही, नंतरचा कितीही असू शकतो. याच नावाखाली हाँगकाँग लिहिलेलं असेल तर तो १९५६ नंतरचा, कारण त्या कंपनीचा तिथला कारखाना तेव्हाचा. हातात ज्वाळा धरलेलं चित्र आणि फॉयरहँड हे नाव असेल तर तो जर्मनीतल्या नीअर कंपनीचा. तिचा कारखाना आधी सॅक्सनीतल्या बायरफेल्डला होता, महायुद्धानंतर तो पश्चिम जर्मनीत गेला.

जर्मन मालावर आणखी एक सोपी खूण असते. नुसतं 'जर्मनी' असेल तर बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा, आणि 'पश्चिम जर्मनी' असेल तर नक्की १९४९ नंतरचा, कारण तो देशच तेव्हा झाला. 'डी.आर.जी.एम.' ही अक्षरं जुन्या जर्मन साम्राज्याच्या नोंदणीची. 'डी.बी.जी.एम.' असेल तर नोंदणी युद्धानंतरच्या प्रजासत्ताकातली.

पण आपल्या घरांत सगळ्यात जास्त सापडतो तो परदेशी कंदील नव्हेच. तो आहे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, प्रभाकर कंदील. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना कराड स्टेशन लागतं, ते खरं म्हणजे ओगलेवाडीत आहे. ही ओगलेवाडी म्हणजे ओगले बंधूंच्या काच कारखान्याभोवती वसलेलं गाव. ओगले ग्लास वर्क्स सुरू झाला १९१६ साली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याला आश्रय दिला. याच राजांच्या मदतीनं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली होती. एवढ्याशा संस्थानानं महाराष्ट्राला नांगर दिला आणि कंदीलही दिला, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

१९१६ या सालालाही अर्थ आहे. त्याआधी बांगड्यांपासून चिमण्यांपर्यंत काचेचा बराच माल ऑस्ट्रिया आणि जर्मनीहून येई. १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि शत्रुदेशांचा माल थांबला. स्वदेशीची हवा तर १९०५ पासून होतीच. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला होता आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला होता. म्हणजे काच आपल्याकडे होऊ शकते हे दिसलं होतं आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. ओगल्यांनी काचेपाठोपाठ पुढे अख्खा कंदील बनवला आणि त्याला आपल्या वडिलांचं, प्रभाकरपंतांचं, नाव दिलं. प्रभाकर म्हणजे सूर्य. रात्री लागणाऱ्या वस्तूला याहून चांगलं नाव कुठलं मिळणार?

तेव्हा कंदिलावर प्रभाकर किंवा ओगले हे नाव असेल तर तो १९१६ च्या आधीचा असूच शकत नाही. अलीकडची हद्द ठरवायला सोबतचे कागद कामी येतात. खोकं, बिल, दुकानाची चिठ्ठी काहीही चालेल, पण तिच्यावरचा पत्ता वाचा. पत्त्यात औंध संस्थान असेल तर कागद ८ मार्च १९४८ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. 'उत्तर सातारा' किंवा 'दक्षिण सातारा' जिल्हा असेल तर १९४९ ते १९६०. दक्षिण साताऱ्याचा पुढे सांगली जिल्हा झाला. 'महाराष्ट्र राज्य' असेल तर १ मे १९६० नंतरचा. किंमत रुपये-आण्यांत असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीची आणि नव्या पैशांत असेल तर नंतरची. आय.एस.आय.चा छाप असेल तर १९५५ च्या आधीचा प्रश्नच नाही.

वहीतल्या नोंदीचा सन काढताना घोटाळा होतो, तोही सोडवून ठेवते. शकात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. दिवाळीला सुरू होणाऱ्या विक्रम संवतातून ५७ वजा करा आणि वीर निर्वाण संवतातून ५२७. जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतच्या नोंदीला हेच आकडे ५६ आणि ५२६ होतात.

गॅसबत्तीचं थोडक्यात सांगते. तिचा मेंटल ही ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांची १८८५ ची युक्ती. रसायनात भिजवलेली कापडी जाळी जळून जाते आणि उरलेला राखेचा सांगाडा तापून लखलखतो. पेट्रोमॅक्स बनवली बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीनं, आणि नावातला मॅक्स म्हणजे मॅक्स ग्रेट्झ. नंतर आपल्याकडे नाव इतकं रुळलं की कुणाचीही गॅसबत्ती पेट्रोमॅक्सच झाली. म्हणून नुसत्या बोलीवर जाऊ नका, टाकीवर कोरलेलं नाव आणि देश बघा. परदेशातल्या मुलानं कोलमन कंपनीचा कंदील आणला असेल तर काम आणखी सोपं. त्या कंपनीचा पहिला कंदील १९१४ चा, आणि नंतरच्या अनेक कंदिलांच्या बुडाशी महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात.

काचेवरून वय सांगणारे पुष्कळ भेटतात. "बघा, बुडबुडे आहेत, म्हणजे जुनी काच." बुडबुडे फार तर एवढंच सांगतात की काच हातानं फुंकलेली असावी, आणि फिरोजाबादला आजही फुंकून काच करतात. वर्षानुवर्षं उन्हात राहून जांभळट झाक आलेली काच मात्र बहुधा खरी जुनी, कारण पूर्वी काच पांढरी करायला मँगनीज घालत आणि ते उन्हानं जांभळं होतं. पण काचेचा साक्षीदार मुळातच कच्चा. कंदिलाचा सगळ्यात जास्त वेळा बदललेला भाग कुठला असेल तर काच. रोज संध्याकाळी राख आणि कागद घेऊन ती कुणी पुसली? आपल्या आया-आज्यांनी. कितीदा ती तडकली, नवी आणली, याचा हिशेब त्यांच्याकडे.

म्हणून म्हणते, अख्ख्या कंदिलाला एकच वय लावू नका. टाकीचं वय वेगळं, बर्नरचं वेगळं, काचेचं वेगळं. आमच्या घरच्या कंदिलाचं उदाहरण देते.

तो आजेसासऱ्यांनी जर्मनीहून मागवला, शंभर वर्षांचा आहे, असं आमच्याकडे सगळे सांगत. पुरावा काय, तर बर्नरवर जर्मनी लिहिलंय. एका व्यापाऱ्यानं त्यावर चांगली किंमतही बोलली आणि पुतण्या तो द्यायला निघाला. मी म्हटलं, द्यायचा तर द्या, पण आधी नोंद तपासू. टाकीवरची काजळी हलक्या हातानं पुसली तर बोटाला अक्षरं लागली, प्रभाकर. मग सासूबाईंची ट्रंक उघडली. त्या दूधदुभत्याचा हिशेब वेगळ्या वहीत लिहीत. त्या वहीत शके १८७६ च्या आश्विनात एक ओळ होती, "कंदील १, थोरलीस अभ्यासाला." रक्कम रुपये-आण्यांत. पानाला टाचलेलं बिल सांगलीच्या दुकानाचं, पत्ता जिल्हा दक्षिण सातारा. १८७६ अधिक ७८, म्हणजे १९५४. आणे, दक्षिण सातारा आणि शक, तिन्ही पावत्या एकमेकींशी जुळल्या.

थोरली म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, पण स्मरण लख्ख. त्यांना फोन लावला. म्हणाल्या, "अगं, बर्नर जुन्या कंदिलाचा हाय तो. नव्याची चावी फिरंना झाली तेव्हा आईनंच बदलून घेतला. जुना कंदील आजोबांचा, त्याची टाकी गळायची. आणि काच कोयनेच्या भूकंपात फुटली की. पहाटेची वेळ, कंदील खुंटीवरनं खाली आला. विजलेला होता म्हणून बरं."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे आताची काच त्यानंतरची. बर्नर आजेसासऱ्यांच्या काळातला, टाकी १९५४ ची, काच १९६७ नंतरची. एका कंदिलात तीन पिढ्या.

शंभर वर्षांचा म्हणून मिळणारी किंमत गेली, हे खरं. पुतण्या जरा हिरमुसला. पण घरात दुसरीच गोष्ट उजेडात आली. इतकी वर्षं ज्या वस्तूचं श्रेय आजेसासऱ्यांना जात होतं, ती सासूबाईंनी स्वतःच्या दुधाच्या पैशांतून, स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी घेतली होती. आक्का आमच्या घरातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. ती कशाच्या उजेडात झाली हे नातवंडांना माहीतच नव्हतं. सासूबाई कधी बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त नोंद केली. पुतण्यानं व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं आणि त्याची मुलगी आता ती वही वाचायला मोडी-बिडी शिकावी लागेल का विचारते. मी सांगितलं, बाळ, पणजीचं अक्षर बाळबोधच आहे, नुसतं सावकाश वाच.

आता फसवणुकीबद्दल दोन शब्द. जुन्याच्या नावाखाली नवे कंदील बाजारात पुष्कळ आहेत. खरी झीज हाताच्या जागी असते, म्हणजे कडीवर, चावीवर, टाकीच्या झाकणाभोवती. आम्लानं काळवंडवलेला पत्रा सगळीकडे सारखा काळा दिसतो. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू दिसला तर जपून, कारण त्या स्क्रूचं पेटंट १९३६ चं. १९०० सालचा म्हणून दाखवलेल्या कंदिलात तो मुळातला असू शकत नाही. वरून चिकटवलेल्या चकचकीत पितळी नावपट्टीपेक्षा पत्र्यातच ठोकलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवा.

आपल्या कंदिलाला पॉलिश पेपर लावू नका, रंग देऊ नका, चिंच-लिंबानं घासू नका. ठोकलेली अक्षरं उथळ असतात, एकदा घासली की पुरावा गेला. कोरड्या फडक्यानं धूळ काढा, गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरे. काच कोमट पाण्यात धुवा. टाकी गंजलेली असेल तर हौसेनंही पेटवू नका, आणि रॉकेलच्या कंदिलात पेट्रोल तर कधीच नाही. गॅसबत्तीचा जुना मेंटल भुगा होऊन पडला असेल तर फुंकर घालू नका. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं आणि ते किंचित किरणोत्सर्गी आहे. ओल्या कागदानं टिपून घ्या.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि ते लांबणीवर टाकू नका. घरात ऐंशीच्या पुढची जी कुणी आहे, आत्या, मावशी, नणंद, तिच्यासमोर कंदील ठेवा आणि विचारा. साल विचारू नका, साल कुणाला आठवत नाही. विचारा की तेव्हा घरात कोण जन्मलं होतं, गावात वीज आली होती का, कोयनेचा भूकंप आधी की नंतर, कुणाच्या लग्नात गॅसबत्ती भाड्यानं आणली होती. त्यांच्या उत्तरांतून साल आपोआप निघतं. २०१९ च्या पुरात शिरोळकडच्या कितीतरी घरांतल्या वह्या आणि ट्रंका गेल्या. कागद गेले की या बायकांची आठवण हीच शेवटची पावती.

मिळालेली माहिती एका कागदावर लिहा. टाकी अमुक सालची, बर्नर अमुक, काच अमुक, कुणी घेतला, कशासाठी घेतला, कुणी सांगितलं आणि आजची तारीख. घेणारीचं नाव पूर्ण लिहा, नुसतं 'आजी' नको. कागद दोऱ्यानं कडीला बांधा. त्यानंतर कंदील विकायचा, ठेवायचा की लेकीला द्यायचा, ते घरानं ठरवावं.